पहिलं निळं शटर

थांबा, आधी चहाचा एक घोट घेऊ द्या. ही फजिती कोरड्या घशाने सांगण्यासारखी नाही. आणि माझी एक अट आहे. आमचा विनय मध्येच काही बोलायला लागला तर त्याला बोलू द्यायचं नाही. कुठेही गेलो की हा नवरा माझी गोष्ट माझ्याआधी सांगून मोकळा होतो. फजिती माझी आणि हशा त्याला? हा कुठला न्याय?

तर झालं असं, की आमची मुक्ता साउथहॅम्प्टनला, आणि दिवस अगदी भरत आलेले. पहिलटकरीण. आम्ही दोघं इकडे ब्रिस्टलला. जावई गुणाचा आहे हो आमचा, जेम्स. पण मी काळजी केली की म्हणायचा, "डोन्ट वरी, मी सगळी लीफलेट्स वाचलीयत." आता तुम्हीच सांगा, लीफलेट वाचून कुणाच्या कळा थांबल्यात?

म्हणून आमचं ठरलं होतं. फोन आला की गाडीत बसायचं आणि निघायचं. डिंकाचे लाडू डब्यात, बाळाची झबली-टोपडी बॅगेत आणि बॅग दाराशी. राहिली फक्त गाडी.

विनय म्हणाला, "ऐन वेळी दगा नको. सर्व्हिसिंग करून आणतो."

घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणली. काय चकचकीत दिसत होती म्हणून सांगू! धुऊन, पुसून, आत सेंट फवारून दिलेली. मी खूश. बाहेरून धुतली म्हणजे आतलंही सगळं नीट केलं असणार असं मला का वाटावं, देव जाणे. पण वाटलं खरं.

दोन दिवसांनी बघते तर घरासमोरच्या ड्राइव्हवर, गाडी लावतो तिथे, गाडीखाली काळा डाग. आधी वाटलं सावली आहे. मग ऊन गेलं, सावल्या गेल्या, डाग तिथेच! वाकून बोट लावलं, वास घेतला. ऑइल!

विनयने खाली वाकून बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं आणि म्हणाला, "थोडंसं गळतंय असं दिसतंय."

थोडंसं! मी घरातला मोठा भाजायचा ट्रे आणला. जेम्स येतो तेव्हा त्याच्यासाठी बटाटे रोस्ट करते ना, तोच. गाडीखाली सरकवला. सकाळी बघितलं तर ट्रेचा तळ दिसेना. चार पुऱ्या तळून निघाल्या असत्या त्यात!

विनयने बाजारातून ऑइल आणून वरून भरलं आणि म्हणाला, "मी त्यांना ईमेल टाकतो."

"ईमेल? मुलगी आज-उद्या बाळंत होईल आणि तू ईमेल टाकणार? 'डिअर सर, आय होप यू आर वेल'?"

"मग काय करू? उद्या मला बेसिंगस्टोकला ऑफिसात जावंच लागणार."

"तू जा. मी बघते."

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसते. दाढ दुखणाऱ्या माणसांशी दिवसभर गोड बोलते. त्यामुळे न बोललेलं बरंच काही माझ्याकडे साठलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुक्ताचा फोन आला. तिचं मराठी इकडेच, इंग्लंडात जन्मलेलं आणि इकडेच वाढलेलं, पण आईशी बोलते हं मराठीतच. "आई, पोट थोडा थोडा दुखतोय. मिडवाइफ म्हणाली, नॉट येट. तू घाबरू नको. गाडी ठीक झाला ना?"

"झाली गं, झाली," मी म्हटलं. फोन ठेवला आणि खिडकीतून त्या ट्रेकडे बघितलं. माझं डोकं जे फिरलं म्हणता!

विनयला फोन लावला. तो ट्रेनमध्ये. "गॅरेज कुठलं रे ते?"

"स्टेशनमागे रेल्वेपुलाच्या कमानी आहेत ना, खाली दुकानं असलेल्या, ती गल्ली. गल्लीत शिरलीस की पहिलं निळं शटर. पण ऐक, तू जरा शांतपणे…"

बोगदा आला आणि फोन कटला. बरंच झालं.

गाडी काढली. स्टेशनशी पोचते तर रस्ता खणलेला आणि पिवळ्या पाट्या लावलेल्या. मग त्या पाट्यांच्या मागे मागे फिरत, नदीच्या बाजूने वळसा घालून त्याच गल्लीत मी दुसऱ्या तोंडाने शिरले. आता गल्ली तीच, कमानी त्याच. कुठल्या तोंडाने शिरलं याने काय फरक पडतो? पडतो हो. फार पडतो!

पहिलं निळं शटर दिसलं. मी गाडी थेट आत घातली.

आत एक जाडजूड माणूस, डोक्याला लोकरीची टोपी, हातात चहाचा मग. शेजारी घोंगडीवर एक म्हातारा कुत्रा झोपलेला. माणूस हसून म्हणाला, "ऑलराइट, माय लवर?"

दचकू नका. ब्रिस्टलमध्ये याचा अर्थ 'काय ताई, बरं आहे ना?' एवढाच. बसचा ड्रायव्हर म्हणतो, पावाच्या दुकानातली बाई म्हणते. मलाही आता सवय झालीय. पण त्या दिवशी मी मनात म्हटलं, थांब, लवर काय असतं ते दाखवतेच तुला.

आणि सुरू झाले. मी इंग्रजीत भांडले, तुम्हाला मराठीत सांगते.

"याला सर्व्हिस म्हणतात? गाडी धुऊन दिली की झालं? खाली बघा जरा, ऑइलचा अभिषेक चाललाय!"

"पण मॅडम, मला नाही वाटत आम्ही ही…"

"'आम्ही नाही' हे मला ऐकायचं नाही!"

"नाही, म्हणजे ही गाडी मी कधी…"

"बघितली नाही? तेच म्हणतेय मी! नीट बघितलीच नाहीत! बघितली असती तर गळली असती का?"

काय बिनतोड मुद्दा होता! माझा मलाच अभिमान वाटला. त्या माणसाने कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने घोंगडीत तोंड खुपसलं.

मध्ये मध्ये माझ्या तोंडून मराठीही सुटत होतं. "लाज नाही वाटत?" हे मी त्याला मराठीतच विचारलं आणि तोही चक्क मान हलवून "नो, नो" म्हणाला. म्हणजे मी आणखी चिडले!

शेवटी मी म्हटलं, "माझी मुलगी तिकडे साउथहॅम्प्टनला आहे. तिला बाळ व्हायचंय, आज, उद्या, कधीही. पहिलं बाळ. आणि ही गाडी मोटरवेवर बंद पडली तर मी काय करू? चालत जाऊ?"

शेवटच्या शब्दाला माझा आवाज जरा फाटलाच. आता हे काही ठरवून केलं नव्हतं हो. आलं ते आलं.

तो काहीतरी सांगायला हात वर करून उभा होता. तो हात हळूच खाली आला. त्याने चहाचा मग बाकावर ठेवला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "किल्ली द्या."

बघितलंत? मी मनात म्हटलं, असं बोलावं लागतं. त्याशिवाय हलत नाहीत ही माणसं.

त्याने गाडी रॅम्पवर चढवली, दिवा घेऊन खाली गेला आणि थोड्या वेळाने मला बोलावलं. "हे बघा. ऑइल फिल्टरला एक रबरी रिंग असते. फिल्टर बदलताना जुनी रिंग काढायची असते. ज्याने कुणी हे केलंय, त्याने जुनी तशीच ठेवून त्यावर नवी बसवलीय. सगळं तिथूनच गळतंय."

"'ज्याने कुणी' काय? 'आम्ही' म्हणा!"

तो खोकला. "राइट. आम्ही."

"मग सॉरी म्हणा."

"सॉरी, माय लवर."

"मला नको. माझ्या मुलीला म्हणा."

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ऑइलने माखलेला हात छातीवर ठेवून म्हणाला, "सॉरी टू युवर डॉटर."

आता हे सांगताना माझे कान गरम होतात. पण तेव्हा? तेव्हा मी मान हलवून ती माफी स्वीकारली! झाशीच्या राणीसारखी!

त्याने दोन्ही रिंगा काढल्या, नवा फिल्टर बसवला, ऑइल भरलं. टायरची हवा बघितली, काचेचं पाणी भरलं, मला स्वतःची खुर्ची दिली, चहा दिला. चहा देताना हळूच विचारलं, "पहिलं नातवंड का?"

मी म्हटलं, "विषय बदलू नका."

निघताना तो पैशांचं काही बोललाच नाही. बोलेल कसा? चूक त्याची होती ना! मी काच खाली करून "पुन्हा असं होता कामा नये" असा दमही देऊन आले.

संध्याकाळी विनयला सगळं रंगवून सांगितलं. तो बघतच राहिला. "एवढं सगळं केलं त्यांनी? कमाल आहे. मला तर 'थँक यू' म्हणायलासुद्धा वेळ नव्हता त्यांना."

"बोलायचं कसं ते कळावं लागतं," मी म्हटलं आणि ट्रे घासायला घेतला.

शनिवारी दुपारी जेम्सचा फोन आला. आवाज असा कापत होता, की लीफलेट्स कुठल्या कुठे उडाली ते कळलं. आम्ही निघालो. बाथ गेलं, सॉल्सबरी गेलं, पाऊस लागला, ट्रॅफिक लागला, पण गाडी? घरच्या लेकरासारखी शहाणी. एक कुरकूर नाही. मी तर वाटेत दोनदा डॅशबोर्डवर हात फिरवला.

आम्ही हॉस्पिटलला पोचलो आणि रात्र व्हायच्या आत नात झाली.

माझ्या हातात दिली तेव्हा तिने एक डोळा उघडून बघितलं, ही कोण बाई म्हणून, आणि परत मिटला. जेम्स भिंतीशी उभा राहून रडत होता. विनय त्याच्या पाठीवर थोपटत होता आणि स्वतःही रडत होता. मुक्ता म्हणाली, "आई, तू वेळेवर आलास." मी तिला 'आलीस' म्हणून सुधारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढे चार दिवसांनी मुक्ता हॉस्पिटलातून तिच्या घरी आली. जेम्सची आई, लिंडा, बाळाला बघायला आली. चहा झाला, लाडू झाले, आणि मला काय हुक्की आली कोण जाणे, मी गॅरेजचा पराक्रम सांगायला घेतला. साधा नाही, उभं राहून, हातवारे करून! मी कशी शिरले, तो कसा गडबडला, मी कशी त्याच्याकडून माफी वदवून घेतली. लिंडा तोंडावर हात ठेवून ऐकतेय. मला आणखी चेव.

"आणि तो कुत्रा बिचारा, त्याने घोंगडीत तोंडच खुपसलं!"

"कुठला कुत्रा?" विनयने विचारलं.

"गॅरेजमधला."

"तिथे कुत्रा नाही."

"अरे, म्हातारा आहे, झोपलेला असतो. तुला दिसला नसेल. त्या टोपीवाल्या जाड्या माणसाच्या पायाशी."

"कुठला जाडा माणूस? तिथे लाल दाढीचा एक तरुण मुलगा आहे. एकटाच असतो." विनयने चहाचा कप खाली ठेवला. "तू गल्लीत शिरलीस कुठून?"

"नदीच्या बाजूने. स्टेशनकडचा रस्ता खणला होता ना."

 विनय हळूच म्हणाला, "त्या गल्लीत दोन गॅरेजं आहेत. या टोकाला एक, त्या टोकाला एक. दोघांचीही शटरं निळी."

लिंडाने अगदी सभ्यपणे विचारलं, "मग तुमची गाडी दुरुस्त कुणी केली, डिअर?"

मुक्ता उशी पोटाशी धरून विव्हळत होती, "आई, प्लीज, टाके आहेत, हसवू नको!"

मी खाली बसले. माझं एकेक वाक्य मला आठवायला लागलं. 'आम्ही म्हणा!' 'माझ्या मुलीला सॉरी म्हणा!' अहो, ज्या माणसाने आमची गाडी जन्मात बघितली नव्हती, त्याने छातीवर हात ठेवून माझ्या लेकीची माफी मागितली होती! आणि वर मी त्याला दम देऊन आले होते!

ब्रिस्टलला परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर दूध आटवून पेढे केले. नात झाल्याचे पेढे आणि माफीचे पेढे, एकाच डब्यात. केशर घातलं, वर पिस्ते लावले.

विनय म्हणाला, "मी येऊ का बरोबर?"

"नको. ओरडले मी एकटी, माफीही मी एकटीच मागणार."

बसने गेले, स्टेशनला उतरले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. रस्ता आता दुरुस्त झाला होता, पिवळ्या पाट्या गेल्या होत्या. मी आपली सरळ स्टेशनच्या बाजूने गल्लीत शिरले. मला पक्कं आठवत होतं, मी ज्याच्यावर ओरडले त्याचं गॅरेज म्हणजे शिरल्यावर पहिलं निळं शटर.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या कुठे आलं!

आत रेडिओ चालू. एक गाडी उभी आणि तिच्याखालून दोन बूट बाहेर आलेले. म्हटलं, बरंच झालं. तोंडाकडे बघून माफी मागणं अवघड असतं, बुटांची मागायला सोपी.

"मी ती बाई," मी सुरुवात केली. रेडिओच्या वर आवाज जावा म्हणून जरा मोठ्यानेच. "मी त्या दिवशी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. मला फार लाज वाटते. तुमची काहीच चूक नव्हती. चूक त्या दुसऱ्या गाढवाची होती, ज्याला एक रबराची रिंग काढता येत नाही! तुम्ही देवमाणूस आहात. तुमच्यामुळे मी माझ्या लेकीपाशी वेळेवर पोचले. मला नात झालीय. हे पेढे घ्या आणि मला माफ करा."

बूट हलले नाहीत. गाडीखालून एक हात आला आणि जमिनीवरचा रेडिओ बंद झाला. मग चाकांच्या फळीवरून तो माणूस हळूहळू बाहेर सरकला. आधी गुडघे, मग पोट, आणि मग… लाल दाढी.

माझ्या हातात पेढ्यांचा डबा, उघडा, त्याच्यापुढे धरलेला.

"सिल्व्हर गाडी का?" तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "तुमचे मिस्टर चष्मा लावतात? फार सज्जन आहेत?"

मी मान हलवली.

त्याचे कान दाढीइतकेच लाल झाले. "तो दुसरा गाढव मीच. त्या दिवशी तुम्ही तिकडे बोलत होतात ते मी इथे ऐकलं. सगळं. मला कळलं की हे माझ्याबद्दलच आहे. मी शटर खाली ओढून घेतलं."

"मग बाहेर का नाही आलात?"

"तुम्ही स्वतःला ऐकलं असतंत, तर तुम्ही आला असतात?"

आता बघा. खरा गुन्हेगार समोर. स्वतः कबूल करतोय. मला भांडायचा पुरेपूर हक्क होता, आणि शब्दसुद्धा तयार होते, एकदा वापरलेले! पण उघडा डबा त्याच्यापुढे धरून आणि नात झाल्याचं सांगून कसं भांडणार? तो तर चिंध्यांना हात पुसत विचारत होता, "बाळ बरं आहे ना? मी रिंग बघायला हवी होती. खरंच सॉरी."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "घ्या ना, अजून एक घ्या."

त्याने घेतले. एक नाही, चांगले तीन-चार. म्हणाला, हे फार भारी आहे, याला काय म्हणतात? मी सांगितलं. कसे करतात तेही सांगितलं!

अर्धा डबा घेऊन मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले. टोपीवाले बाहेरच खुर्ची टाकून बसले होते, पायाशी कुत्रा. क्लाइव्ह त्यांचं नाव, हे मला त्या दिवशी कळलं. मी तोंड उघडलं, "मी त्या दिवशी…"

"ऐकलं मी," क्लाइव्ह म्हणाले.

"काय ऐकलं?"

"सगळं. 'मी ती बाई'पासून." त्यांनी मधल्या कमानीतल्या बेकरीकडे बोट केलं. तिथली बाई पिठाच्या हातांनी डोळे पुसत दारात उभी होती. "तिनेही ऐकलं. 'देवमाणूस'पाशी ती रडली."

मी डबा पुढे केला. क्लाइव्हनी अख्खा पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "मुलगी ना? वजन किती?" मग फोटो बघितला, कुत्र्यालाही दाखवला.

"तुम्ही मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगतच होतो, माय लवर. मग तुम्ही मुलीचं बोललात. म्हटलं, आधी गाडी. ओरडणं काय, दमल्यावर थांबेलच."

घरी येऊन विनयला सांगितलं, तेव्हापासून हा माणूस सुटलाय. परवा आमच्या रस्त्यावरचा कचरा उचलायला गाडीच आली नाही. मी पर्स घेतली आणि म्हटलं, "मी जातेच आता कौन्सिलमध्ये."

विनय उठला, त्याने समोरची खिडकी सताड उघडली आणि म्हणाला, "तिथवर कशाला जातेस? आणखी कुठेतरी शिरशील. इथूनच बोल, पोचेल त्यांना."